बांध कोणाचा? सरकारचा की आपला?

रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे. नांगरटी उरकल्या, ढेकळे उन्हात तापून पडली आहेत आणि खता-बियाण्यांच्या चौकशा सुरू झाल्या आहेत. या दिवसांत गावात पाऊल टाकले की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना पारावर एक प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, औंदा कशाला किती अनुदान आहे?" विचारण्यात वावगे काहीच नाही. सरकारी तिजोरीतला पैसा तुमच्या-आमच्या घामाचाच आहे आणि तो रानापर्यंत पोचवणे हे आमचे कामच आहे. परंतु बारा-तेरा वर्षे या प्रश्नाला उत्तरे देऊन झाल्यावर आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न मांडावासा वाटतो. माती अडवण्याच्या आणि पाणी जिरवण्याच्या कामात सरकारचा वाटा किती असावा, शेतकऱ्याचा किती असावा, आणि तो कधी व कसा घ्यावा? वरवर पाहता हा हिशोबाचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात बांध टिकणार की वाहून जाणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

एका रात्रीत फुटलेले दोन बांध

2022 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने कसे झोडपले, ते कोणी विसरलेले नाही. त्या पावसात माझ्याकडील एका गावात एकाच ओघळीवरचे दोन बांध एका रात्रीत फुटले. सकाळी मोटारसायकल रस्त्यालाच लावून चिखल तुडवत मी वर गेलो. खालच्या रानात अण्णा, काकू आणि त्यांचा थोरला मुलगा अशी तिघेजण पहाटेपासून दगड रचत होती. मला पाहून अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, आधी हे खिंडार बुजवू द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

तिथून वर गेलो. वरच्या रानाचे मालक फुटक्या बांधाकडे बघत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, सरकारचा बांध फुटला. पंचनामा करा."

मी मनातून चिडलो. रान यांचे, माती यांची वाहून गेली आणि बांध म्हणे सरकारचा! पण थोडे बोलल्यावर खरी गोष्ट कळली. तो बांध पूर्ण सरकारी खर्चाने, मशीनने दोन दिवसांत घातलेला. त्या वेळी हे गृहस्थ बायको-मुलांसह ऊसतोडीला गेलेले. ते म्हणाले, "मशीन आलं तवा मी कारखान्यावर होतो. आलो तर बांध तयार. सांडवा कुठं ठेवायचा हे मला कुणी इचारलं का? पाणी दरसाल त्या लिंबाच्या अंगानं जातंय, हे माझ्या म्हाताऱ्यालाबी ठावं होतं." सांडवा लिंबापासून तीस-चाळीस पावले लांब, चढाच्या अंगाला ठेवलेला होता. पाण्याने आपली जुनी वाट धरली आणि बांध कापून काढला.

त्या बांधाची मोजमाप पुस्तिका मीच लिहिली होती. लांबी, उंची, माथा, पायथा सगळे अंदाजपत्रकाप्रमाणे बरोबर होते. सांडव्याची जागा पाणी जाते तिथे आहे की नाही, ते मी पाहिले नव्हते. ती चूक माझी होती आणि ती इथे कबूल केलेली बरी.

अण्णांचा बांध एका पाणलोट प्रकल्पातला होता. त्यात त्यांनी आपला हिस्सा मजुरीच्या रूपाने दिला होता आणि सांडव्याचे दगड स्वतः लावले होते. वरचा बांध फुटल्याचा सगळा लोंढा अंगावर आल्याने तोही फुटला. पण दुसऱ्या दिवशी फावडे त्यांच्याच रानात चालू होते. वरचे गृहस्थ आळशी होते असे मुळीच नाही. ज्या कामात आपल्याला कोणी विचारले नाही, आपला एक दिवस किंवा एक रुपया गेला नाही, ते काम माणसाला आपले वाटत नाही. अनुदानाच्या धोरणात ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा विसरली जाते.

एक मिलिमीटर म्हणजे किती?

मातीचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून थोडा हिशोब मांडतो. एक हेक्टर रानावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर वाहून गेला, तर 10 घनमीटर माती जाते. वजनाने ती बारा-तेरा टन भरते, म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन-चार ट्रॉल्या. रात्री कोणी येऊन आपल्या रानातल्या चार ट्रॉल्या माती भरून नेली, तर आपण पोलीस ठाण्यात जाऊ. पावसाने नेली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय जातो तो वरचा कसदार थर. त्यात शेणखत असते, युरिया-डीएपीचे पैसे असतात.

पाण्याचेही तसेच. एक हेक्टरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे 1 लाख लीटर पाणी पडले. एका चांगल्या सरीतले एवढे पाणी रानात मुरले, तर कोरडवाहू ज्वारीला किंवा तुरीला एक उघडीप झेपते. आपल्या राज्यातली बहुतांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे. तिला बांध हेच धरण आणि तोच कालवा आहे.

याच बांधाचे आपण काय करतो? दर नांगरटीला एक तास बांधाकडे सरकवतो. भावाने बांध कोरला म्हणून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या होतात, पण आपण आपल्याच रानाचा मधला बांध दरसाल वीतभर खातो, त्याची तक्रार कोणी करत नाही.

वाटा कसा बदलत गेला

सरकारने शेतातल्या बांधाला पैसा लावणे ही काही आजची गोष्ट नाही. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम 1942 सालचा. त्याखाली बांधबंदिस्ती झाली की खर्चाचा काही भाग जमीनमालकाकडून वसूल होई आणि थकला तर जमीन महसुलासारखी वसुली निघे. जुनी माणसे अजून 'बांधाचा बोजा' म्हणून सातबाऱ्याची आठवण काढतात. त्यात शेतकऱ्याचा वाटा होता, पण त्याचे मन नव्हते.

पुढे 1972 चा दुष्काळ आला. माणसे जगवणे हेच पहिले काम होते. मे 1973 च्या सुमारास राज्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 मध्ये संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. या कामांनी लाखो चुली पेटत्या ठेवल्या, हे ऋण मानलेच पाहिजे. पण तिथे मजुरी ही मुख्य गोष्ट होती आणि बांध तिच्या मागून आला. 1983 पासून सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला, 1992 मध्ये जलसंधारणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा शाळेच्या भिंतीवर पोचली. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. कामे झपाट्याने झाली, मशीनने झाली, आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला वाटा उचलावाच लागला नाही. या अभियानावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल 2020 मध्ये विधिमंडळासमोर आला. भूजल वाढवण्यात अपेक्षित यश आले नाही आणि झालेल्या कामांची देखभाल झाली नाही, असे ठपके त्यात आहेत. सगळ्या गावांना ते लागू नाहीत, चांगली कामेही झाली आहेत. पण देखभालीबद्दलचे बोलणे गावोगाव फिरणाऱ्या माझ्यासारख्याला खोटे म्हणता येत नाही.

सक्तीचा वाटा आणि शून्य वाटा ही दोन टोके झाली. या दोहोंच्या मधली वाटही महाराष्ट्रानेच दाखवली आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यात योजनेच्या खर्चाचे 20 टक्के लाभधारकांनी घालायचे, 50 टक्के सरकारी अनुदान आणि उरलेले 30 टक्के संस्थेचे बिनव्याजी कर्ज, अशी मांडणी होती. पाणी मिळायचे ते जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातल्या माणसांच्या मापाने, माणशी अर्धा एकर. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क धरला. 1990 च्या दशकात नाबार्डच्या साथीने चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या सुमारे 16 टक्क्यांइतके श्रमदान गावाने करायचे, अशी अट होती. त्यातून भूमिहीनांना सूट होती. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या उघड्याबोडक्या गावात याच रीतीने काम झाले. केंद्र सरकारच्या 2008 च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांनी तर हा वाटा लिहूनच दिला. खासगी जमिनीवरच्या मृद व जलसंधारणाच्या कामात किमान 10 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या तसेच अल्प व अत्यल्प भूधारकांनी किमान 5 टक्के, रोख किंवा श्रमाने. हा पैसा सरकारजमा करायचा नव्हता. तो गावच्या पाणलोट विकास निधीत ठेवून प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीला वापरायचा होता. अण्णांनी दिलेला हिस्सा तो हाच. या निधीची पासबुके किती गावांत आज सापडतात, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने आपल्याला विचारून पाहावा.

80 टक्क्यांचा खरा अर्थ

आता नेहमीच्या अनुदानाकडे येऊ. ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के, वर राज्याचे पूरक अनुदान धरून 80 आणि 75 टक्के, असे प्रमाण अलीकडे राहिले आहे. ऐकणारा म्हणतो, म्हणजे मला शंभरातले वीसच घालायचे. तसे नसते. टक्केवारी धरली जाते ती शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. समजा मापदंडाने संचाची किंमत 50 हजार धरली आणि प्रत्यक्ष बिल 60 हजारांचे झाले. 80 टक्क्यांनी 40 हजार मिळाले. घरचे गेले 20 हजार, म्हणजे बिलाचा तिसरा हिस्सा. हा आकडा आधी माहीत असला तर माणूस तयारीने उतरतो. नंतर कळला तर फसल्यासारखे वाटते आणि शिव्या बसतात त्या गावातल्या कृषी सहायकाला.

शेततळ्याचेही तसेच आहे. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा 50 हजार रुपये होती. 2022 मध्ये ती 75 हजार करण्यात आली. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लीटर पाणी मावते. मोसंबीची-डाळिंबाची बाग किंवा रब्बीचे एखादे पीक त्याने निभावते. मात्र हे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे, ही मूळ कल्पना. विहिरीचे-बोअरचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात उन्हाला वाळत ठेवणे म्हणजे संधारण नव्हे. शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी त्यामुळे खाली जाते आणि वर अनुदानही जाते. यावर आपण गावात उघड बोलायला हवे.

वरातीमागून घोडे

शेतकऱ्याने वाटा घालावा, असे म्हणताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. आपल्या बहुतेक योजनांत शेतकऱ्याने आधी सगळा खर्च करायचा आणि मग अनुदान खात्यावर यायचे, अशी रीत आहे. कागदावर त्याचा वाटा 20 टक्के असेल, पण काही महिने तरी 100 टक्के त्याच्याच डोक्यावर असतात.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका नानांना शेततळ्यासाठी गळ घातली. रान दोन एकर, हलके, उताराचे. तळ्याची गरज त्यांनाच सर्वांत जास्त होती. नानांनी मशीनवाल्याचे पैसे भागवायला दुभती गाय विकली. अनुदान आले की दुसरी घेऊ, हा हिशोब. माझ्याकडे चार गावे होती, मोजमाप घ्यायला मला पंधरवडा उशीर झाला. पुढे कागद कार्यालयात अडला, मग निधी नाही म्हणून थांबला. पैसे आले ते दुसरा पावसाळा उलटल्यावर. तोवर गायीची किंमत वाढलेली. नाना मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तळं झालं साहेब, ब्येस झालं. पण पोरांचं दूध गेलं बघा." त्या वाक्याने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो.

अशाने होते काय? ज्याच्याकडे आधीच पैसा आहे, बागायत आहे, तो अनुदानाला पोचतो. ज्याच्या रानाची माती रोज वाहते तो माळावरचा कोरडवाहू शेतकरी अर्जच करत नाही. मग आकडेवारीत उद्दिष्ट पूर्ण आणि माथ्यावरचे रान उघडेच.

झाडाला तीन वर्षे, बांधाला एक दिवस

आमच्याच खात्याच्या एका योजनेत यावर उपाय दडलेला आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. दुसऱ्या वर्षी किमान 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जगलेली असली पाहिजेत. पैसा खड्ड्याला नाही, जगलेल्या झाडाला मिळतो. त्यामुळे शेतकरी उन्हाळ्यात घागरीने का होईना, पाणी घालतो.

बांधाला मात्र आपण एक दिवस देतो. मोजमाप झाले, बिल निघाले, फाईल बंद. पहिल्या पावसात काय झाले, उंदीर-घुशींनी आणि खेकड्यांनी किती भोके पाडली, सांडवा तुंबला का, हे बघायला कोणी जात नाही, कारण त्यासाठी ना पैसा ठेवलेला असतो ना जबाबदारी. फळझाडाला लागू केलेला नियम बांधाला का लागू करू नये? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे.

पहिली गोष्ट, अल्पभूधारकाला कामाच्या सुरुवातीला काही रक्कम हातात मिळावी, म्हणजे नानांवर आली तशी गाय विकण्याची पाळी येणार नाही. दुसरी, मधला हप्ता मोजमापानंतर ठरावीक दिवसांत जमा व्हावा. तिसरी, शेवटचा पाचवा हिस्सा तीन पावसाळे बांध उभा राहिला, सांडवा चालू राहिला आणि बांधावर गवत धरले, हे पाहून द्यावा. अस्मानी पावसाने फुटला तर त्याची शिक्षा शेतकऱ्याला नको. फुटल्यावर त्याने तो दुरुस्त केला का, एवढेच पाहावे. आणि चौथी, शेतकऱ्याचा वाटा ऐपतीप्रमाणे असावा. 2008 च्या सूचनांतला 5 आणि 10 टक्क्यांचा भेद शहाणपणाचा होता. बागायतदार आणि कोरडवाहू यांना एका फुटपट्टीने मोजणे हा न्याय नव्हे.

वरचा बांधतो, खालच्याची विहीर भरते

यात आणखी एक गाठ आहे. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, हे आता शाळकरी पोरही सांगेल. पण माथ्यावरच्या शेतकऱ्याने बांध घातला तर त्याची थोडी जमीन बांधाखाली जाते. त्याची माती थांबते हे खरे, पण मुरलेले पाणी झिरपत जाऊन बहुधा खालच्याच्या विहिरीला लागते. मग वरच्याने आपल्या खिशातून खर्च का करावा? आणि खालच्याने फुकट पाणी का घ्यावे?

यावर सरकारी निर्णयाची वाट बघण्याची गरज नाही, गाव करी ते राव न करी. खालच्या विहीरवाल्यांनी वरच्याच्या हिश्श्यातला काही भाग उचलावा. कोणी डिझेल घालावे, कोणी ट्रॉलीने दगड टाकून द्यावेत, कोणी दोन दिवस माणसे द्यावीत. ग्रामसभेत हे ठरवून इतिवृत्तात लिहावे. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सिंचनासाठी बोअर न घेण्याचे बंधन घालून घेतले, ते कोणत्या तहसीलदाराच्या हुकमाने नव्हे. गावाने ठरवले आणि पाळले.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि माझे सहकारी कृषी सहायक (पदांची नवी नावे काहीही असोत, गाव आपल्याला याच नावांनी ओळखते), आपणा सर्वांना विनंती आहे. बांधाची आखणी शेतकरी रानात हजर असतानाच करा. तो ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेला असेल तर फोन करा, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. पाण्याची जुनी वाट त्यालाच माहीत असते. भारी काळ्या रानात समतल बांध रेटू नका. तिथे पाणी साचून पीक पिवळे पडते आणि शेतकरी स्वतःच बांध फोडतो. अशा जागी ढाळीचा बांध आणि गवताचा पाट बरा. झालेल्या कामाची लांबी, खर्च, सरकारचा वाटा आणि शेतकऱ्याचा वाटा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. ज्या गावात पाणलोट निधीचे जुने खाते आहे, त्याची शिल्लक ग्रामसभेत वाचून दाखवा.

या पावसाआधी काय करावे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नवे अनुदान येवो न येवो, चार गोष्टी आताच करून घ्या. बांधावरून एक चक्कर मारा आणि बिळे-भोके मातीने ठोकून बुजवा. सांडव्यातला गाळ, काटेरी झुडपे काढा आणि त्याच्या तोंडाशी दगड लावा. बांधावर मारवेल किंवा हेमाटा गवत, नाहीतर गिरीपुष्पाच्या काड्या लावा. गवताने बांध धरतो, जनावराला वैरण होते आणि गिरीपुष्पाचा पाला खताला येतो. पेरणी उताराला आडवी करा, तिला एक पैसाही जास्त लागत नाही.

अनुदानाचा अर्ज करायचा असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी किंवा काम करू नका. आधार बँक खात्याला जोडलेले आहे का, ते तपासा. बिल पक्के घ्या. मोजमाप घेताना स्वतः हजर राहा आणि काय लिहिले ते विचारा. विचारल्यावर कोणी रागावला, तर तो आमच्या खात्याचा दोष समजा, तुमचा नव्हे.

शेवटी वरच्या रानाच्या त्या गृहस्थांविषयी. 2023 मध्ये कारखान्यावर जाण्याआधी त्यांनी तीन दिवस खपून खिंडार बुजवले आणि सांडवा लिंबाच्या अंगाला घेतला. खालच्या अण्णांनी दोन ट्रॉल्या दगड दिले. या कामाला कोणतेही अनुदान नव्हते, कारण माझ्याकडे दुरुस्तीचे कलमच नव्हते. त्यांनी मला फोन करून एकच गोष्ट मागितली, "साहेब, लेव्हल तेवढी बघून जावा, औंदा तरी चुकाय नको." मी गेलो आणि सांडव्याजवळ उभा राहून लेव्हल पाहिली. परत निघताना ते म्हणाले, "माझ्या बांधाला आता काय व्हत न्हाई."

'माझ्या बांधाला' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. असा शब्द गावोगाव ऐकू यावा एवढ्यासाठी अनुदानाची रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलेपर्यंत आपण आपल्या बांधावरचे फावडे खाली ठेवता कामा नये.